सरकारी खर्चातून लागलेले शोध व त्यांवरील हक्क

सरकारी खर्चातून लागलेले शोध व त्यांवरील हक्क : शासन आपल्या प्रयोगशाळांत संशोधन करते, तसेच अनुदाने वा कंत्राटे देऊन ते विद्यापीठांकडून व खाजगी उद्योगसंस्थांकडून करवून घेते. अशा संशोधनातून लागणाऱ्या शोधांची मालकी कोणाकडे असावी, त्यांचा उपयोग करण्याची मुभा कोणाला व कोणत्या अटींवर मिळावी आणि ज्या जनतेच्या करातून हा खर्च भागविला गेला तिचा त्यांवर कोणता हक्क राहतो, हे प्रश्न विसाव्या शतकात प्रथम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणि नंतर इतर देशांत उपस्थित झाले. शोध औषधाचा, लशीचा वा रोगनिदानाच्या कसोटीचा असला, तर हा वाद केवळ मालमत्तेच्या कायद्यापुरता राहत नाही. रुग्णाला औषध मिळते की नाही, हे त्याच्या निर्णयावर अवलंबून असते.

स्वरूप : शोधकाला आपल्या शोधाचा व्यापारी उपयोग करण्यापासून इतरांना ठराविक मुदतीपर्यंत रोखण्याचा जो अधिकार शासन देते, त्यास एकस्व असे म्हणतात [⟶ एकस्व]. एकस्वधारक स्वतः उत्पादन करतो किंवा इतरांना तसा परवाना देतो. एकच परवाना अनेक उत्पादकांना मिळू शकत असल्यास तो खुला परवाना होय; एकाच उत्पादकाला मिळून इतर सर्वांना, बहुधा खुद्द एकस्वधारकालाही, उत्पादन वर्ज्य होत असल्यास तो अनन्य परवाना होय. परवान्याबद्दल जे शुल्क द्यावे लागते, त्यास स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) म्हणतात.

सरकारी खर्चातील शोधांबाबत दोन परस्परविरोधी मते आरंभापासून मांडली गेली. पहिल्या मतानुसार जनतेने ज्याचे मोल एकदा चुकते केले आहे, त्यासाठी मक्तेदारीच्या किमतीच्या रूपाने तिला पुन्हा पैसे मोजावयास लावणे अन्यायाचे आहे. म्हणून असे शोध शासनाच्या मालकीचे असून सर्वांना खुले असावेत. दुसऱ्या मतानुसार प्रयोगशाळेतील शोध म्हणजे विक्रीयोग्य वस्तू नव्हे. तो बाजारात आणण्यासाठी चाचण्या, यंत्रसामग्री व कारखाना यांवर शोधाच्या खर्चाच्या कित्येक पट रक्कम गुंतवावी लागते, आणि प्रतिस्पर्ध्यांपासून काही वर्षे संरक्षण मिळाल्याशिवाय कोणताही उद्योजक ती गुंतवीत नाही. सर्वांच्या मालकीची वस्तू कोणाच्याच उपयोगी पडत नाही, असा या मताचा सारांश आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे. त्यांपैकी कोणते कोठे लागू पडते, हे पुढील इतिहासावरून बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

आरंभीचे निर्णय : सरकारी नोकराने लावलेल्या शोधाची मालकी कोणाची, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९३३ मध्ये निर्णायक स्वरूपात आला. सरकारच्या मानक कार्यालयातील (ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स) पर्सिव्हल लोवेल व फ्रान्सिस डनमोर या दोन कर्मचाऱ्यांनी रेडिओ-ग्राही घरगुती प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहावर चालविण्यासंबंधीचे शोध लावून त्यांवर एकस्वे घेतली होती व डुबिलियर कंपनीला त्यांचा परवाना दिला होता. शोध कार्यालयाच्या वेळात व साधनांनी लागले असले, तरी तो विशिष्ट शोध लावण्यासाठी त्यांची नेमणूक झालेली नव्हती. म्हणून मालकी त्यांचीच असून सरकारला केवळ विनामूल्य वापर करण्याचा अधिकार आहे, असा निर्णय बहुमताने देण्यात आला. नोकरीचा वा अनुदानाचा करार स्पष्ट नसेल तर शोध शोधकाचाच राहतो, हे तत्त्व यातून प्रस्थापित झाले.

याच सुमारास राज्याच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांपुढे वेगळा प्रश्न उभा होता. विस्कॉन्सिन विद्यापीठातील हॅरी स्टीनबॉक यांनी १९२४ च्या सुमारास असे दाखविले की, काही अन्नपदार्थांवर जंबुपार किरण टाकले असता त्यांत ड जीवनसत्त्व निर्माण होते. मुडदुसाने लहान मुलांची हाडे वाकत असत, त्या काळात या शोधाचे महत्त्व फार मोठे होते. शोधाचे नियमन करण्यासाठी १९२५ मध्ये विस्कॉन्सिन माजी विद्यार्थी संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले आणि मिळणारे स्वामित्वशुल्क विद्यापीठाच्या संशोधनाला मिळू लागले. विद्यापीठाशी संलग्न संस्थेने एकस्वांचे उत्पन्न संशोधनाकडे वळविण्याचा हा प्रयोग पुढे अनेकांना आदर्श वाटला. त्याची दुसरी बाजूही लवकरच दिसून आली. विस्कॉन्सिन हे दुग्धव्यवसायाचे राज्य असल्याने लोण्याशी स्पर्धा करणाऱ्या कृत्रिम लोण्याच्या (मार्गारिन) उत्पादकांना परवाना नाकारण्यात आला. हे कृत्रिम लोणी मुख्यतः गरिबांच्या आहारात असे. म्हणजे मुडदुसाचा धोका ज्यांच्या मुलांना अधिक, त्यांच्याच अन्नाला हा शोध लागू होऊ दिला गेला नाही. १९४० नंतर चाललेल्या खटल्यात संघराज्याच्या अपील न्यायालयाने या लोकहितविरोधी नकाराची दखल घेतली आणि मूळ एकस्वेही अखेर अवैध ठरविली.

युद्धकाळ व त्यानंतरचा वाद : दुसऱ्या महायुद्धात सरकारी संशोधनाचे प्रमाण एकदम वाढले. व्हॅनीव्हर बुश यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक संशोधन व विकास कार्यालयाने १९४१ पासून विद्यापीठांशी व उद्योगसंस्थांशी जे करार केले, त्यांत एकस्वाचे कलम दोन प्रकारचे असे. ‘दीर्घ’ कलमानुसार मालकी कंत्राटदाराकडे राहून सरकारला विनामूल्य वापराचा परवाना मिळे. ‘लघु’ कलमानुसार मालकीचा निर्णय सरकार करी. पुढील चाळीस वर्षांचा वाद या दोन कलमांभोवतीच फिरत राहिला. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर हार्ली किलगोर यांनी सरकारी खर्चातील सर्व शोध सार्वजनिक मालकीचे असावेत, असा आग्रह धरला. याउलट बुश यांनी जुलै १९४५ मधील आपल्या सुप्रसिद्ध अहवालात या बाबतीत लवचिक धोरणाची शिफारस केली. १९४७ मध्ये महान्यायवाद्यांच्या विस्तृत अहवालाने सरकारी मालकीचा पक्ष घेतला. तथापि सर्व खात्यांना लागू होईल असा एकच कायदा झाला नाही आणि प्रत्येक खात्याचे धोरण निराळे होत गेले. १९४६ च्या अणुऊर्जा कायद्याने आणि १९५८ च्या अवकाश कायद्याने मालकी सरकारकडे ठेवली. संरक्षण खाते मात्र ती बहुधा कंत्राटदाराकडे राहू देई.

राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी ऑक्टोबर १९६३ मध्ये काढलेल्या ज्ञापनाने मध्यममार्ग आखला. सार्वजनिक आरोग्य, सुरक्षितता वा लोककल्याण यांच्याशी निगडित असलेल्या क्षेत्रांत मालकी सर्वसाधारणपणे सरकारची असावी, इतरत्र कंत्राटदाराला सवलत द्यावी, असे त्यात म्हटले होते. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ऑगस्ट १९७१ मध्ये हे धोरण अनन्य हक्कांना अधिक अनुकूल केले.

गथ्री कसोटीचे प्रकरण : केनेडींच्या ज्ञापनात आरोग्याचे क्षेत्र वेगळे का काढले गेले, हे त्याच काळातील एका प्रकरणावरून समजते. फिनिलकीटोन्यूरिया या आनुवंशिक विकारात शरीराला फिनिल ॲलॅनीन या ॲमिनो अम्लाचा विनियोग करता येत नाही. जन्मानंतर लवकर निदान होऊन आहार बदलला नाही, तर बालक कायमचे मतिमंद होते. बफालो येथील रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बालकाच्या टाचेतून काढलेल्या, गाळण कागदावर वाळविलेल्या रक्ताच्या थेंबावर करावयाची साधी कसोटी शोधली. तिच्या चाचणीला सरकारच्या बालक कार्यालयाने व सार्वजनिक आरोग्य सेवेने पैसा पुरविला आणि लाखो बालकांची तपासणी करण्यात आली. एकस्वासाठी अर्ज करून गथ्री यांनी उत्पादनाचा अनन्य परवाना एका औषध कंपनीला देण्यास संमती दिली; स्वामित्वशुल्कातील आपला वाटा त्यांनी सोडून दिला होता. कसोटीचा जो संच ते स्वतः सु. ६ डॉलर खर्चात तयार करीत, त्याची किंमत कंपनीने २६२ डॉलर ठरविल्याचे कळताच ते हादरले व परवाना रद्द व्हावा म्हणून त्यांनीच खटपट सुरू केली. लुइझियानाचे सिनेटर रसेल लाँग यांनी हे प्रकरण लावून धरले. अखेरीस शोधावरील हक्क सरकारकडे घेण्यात आला आणि कसोटी सर्वांना खुली झाली.

या प्रकरणात अनन्य परवान्याचे नेहमीचे समर्थन लागू पडत नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चाचणीचा खर्च सरकारने केलेला होता, पद्धत सिद्ध झालेली होती आणि राज्यांच्या आरोग्य प्रयोगशाळा ती वापरण्यास तयार होत्या. कंपनीने पत्करावा असा धोका जवळजवळ उरलाच नव्हता.

सरकारी मालकीचे दोष : याच दशकात उलट बाजूचा अनुभवही आला. १९६२ नंतर आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याने अनुदानप्राप्त शोधांवरील सरकारी मालकीचा नियम कडक केल्यावर औषध कंपन्यांनी विद्यापीठांत तयार झालेल्या संयुगांच्या चाचण्या करण्याचे थांबविले. चाचणी करणाऱ्या कंपनीच्या हाती कोणताच हक्क राहणार नाही, अशी भीती त्यामागे होती. महालेखा कार्यालयाच्या १९६८ च्या अहवालाने ही अडचण नोंदविली, तेव्हा त्या खात्याने एकस्वांची व्यवस्था पाहू शकणाऱ्या विद्यापीठांशी स्वतंत्र करार करून मालकी त्यांच्याकडे सोपविण्यास सुरुवात केली.

अनन्य परवाने देण्याच्या सरकारी नियमांना १९७३ मध्ये न्यायालयात आव्हान देण्यात आले. अनन्य परवाना म्हणजे सार्वजनिक मालमत्तेची विल्हेवाट असून काँग्रेसच्या अनुमतीवाचून ती करता येत नाही, ही भूमिका कनिष्ठ न्यायालयाने १९७४ मध्ये मान्य केली. परंतु दावा दाखल करण्याचा अधिकार वादींना नाही, या कारणावरून अपील न्यायालयाने पुढील वर्षी तो निर्णय फिरविला. मूळ प्रश्न अनिर्णितच राहिला.

या काळात एक आकडेवारी वारंवार पुढे केली गेली : सरकारकडे सु. २८,००० एकस्वे असून त्यांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी एकस्वांचे परवाने दिले गेले आहेत. सरकारी मालकी म्हणजे शोधांचे अडगळीत पडणे, असा निष्कर्ष यातून काढण्यात आला. नंतरच्या अभ्यासकांनी या निष्कर्षातील दोष दाखवून दिला. या एकस्वांतील मोठा भाग संरक्षण खात्याच्या कंत्राटांतून आलेला होता आणि तेथे कंत्राटदाराला हवी असती, तर मालकी घेण्याची मुभा होती. ज्यांत व्यापारी लाभ दिसला ते शोध कंत्राटदारांनी आधीच स्वतःकडे ठेवले होते. उरलेले सरकारच्या नावावर चढले. तेव्हा ही आकडेवारी सरकारी मालकीचा दोष सिद्ध करीत नव्हती. परंतु काँग्रेसमधील चर्चेवर तिचा प्रभाव मोठा पडला.

बाय–डोल कायदा (१९८०) : इंडियानाचे बर्च बाय आणि कॅन्ससचे रॉबर्ट डोल या दोन पक्षांच्या सिनेटरांनी मांडलेल्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १२ डिसेंबर १९८० रोजी स्वाक्षरी केली. सिनेटर लाँग व अणुपाणबुड्यांचे प्रवर्तक ॲडमिरल हायमन रिकोव्हर हे कायद्याचे प्रमुख विरोधक होते. कायद्याने विद्यापीठे, इतर ना-नफा संस्था व लघुउद्योग यांना सरकारी निधीतून लागलेल्या शोधांची मालकी स्वतःकडे ठेवण्याची मुभा दिली. १९८३ च्या राष्ट्राध्यक्षीय ज्ञापनाने हेच धोरण मोठ्या उद्योगसंस्थांनाही लागू केले.

मालकी देताना जनतेचे काही हक्क कायद्याने राखून ठेवले. संस्थेने शोधाची माहिती सरकारला कळविली पाहिजे व एकस्वासाठी मुदतीत अर्ज केला पाहिजे. सरकारला तो शोध स्वतःसाठी जगभर विनामूल्य वापरण्याचा कायमचा परवाना असतो. स्वामित्वशुल्काचा वाटा शोधकाला देऊन उरलेली रक्कम संशोधन व शिक्षण यांवरच खर्चावी लागते. अमेरिकेत विक्रीचा अनन्य परवाना घेणाऱ्याने उत्पादन मुख्यत्वे अमेरिकेतच केले पाहिजे. सर्वांत महत्त्वाचा म्हणजे सरकारचा हस्तक्षेपाधिकार. परवानाधारक शोधाचा प्रत्यक्ष उपयोग होईल अशी पावले वाजवी मुदतीत उचलीत नसल्यास, आरोग्याच्या वा सुरक्षिततेच्या गरजा भागवीत नसल्यास, कायद्याने ठरविलेल्या सार्वजनिक उपयोगाच्या अपेक्षा पुऱ्या करीत नसल्यास किंवा देशांतर्गत उत्पादनाची अट मोडल्यास सरकार इतर उत्पादकांना परवाने देण्यास भाग पाडू शकते. विद्यापीठाने मोठ्या कंपनीला दिलेल्या अनन्य परवान्याला मूळ कायद्यात मुदत होती : पहिल्या विक्रीपासून पाच वर्षे किंवा परवान्यापासून आठ वर्षे, यांपैकी जी आधी संपेल ती. ही मर्यादा १९८४ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. अनन्यता तात्पुरती असावी, ही मूळ कायद्यातील कल्पना तिच्याबरोबरच लोप पावली.

कायद्यामुळे मालकी आपोआप विद्यापीठाकडे जाते, हा समजही सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनफर्ड विद्यापीठ विरुद्ध रोश या खटल्यात २०११ मध्ये दूर केला. शोध प्रथम शोधकाचा असतो आणि त्याने तो करारान्वये दिल्यावरच संस्थेचा होतो, या १९३३ च्या तत्त्वाशी हा निर्णय सुसंगत होता.

कायद्यानंतरचा अनुभव : अनन्य परवान्यावाचून उद्योग पुढे येत नाहीत, या समजाला सर्वांत मोठा अपवाद कायदा झाला त्याच महिन्यात अस्तित्वात आला. स्टॅनफर्डचे स्टॅनली कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे (सॅन फ्रॅन्सिस्को) हर्बर्ट बॉयर यांच्या जनुक-जोडणीच्या पद्धतीवरील पहिले एकस्व डिसेंबर १९८० मध्ये मंजूर झाले. हे संशोधन मुख्यतः सरकारी निधीतून झालेले होते. स्टॅनफर्डने खुले परवाने दिले व आरंभीचे शुल्क १०,००० डॉलर इतके माफक ठेवले. १९९७ मध्ये एकस्वांची मुदत संपेपर्यंत ४६८ कंपन्यांनी परवाने घेतले आणि सु. २५.५ कोटी डॉलर उत्पन्न झाले. मूलभूत पद्धत अनेकांना खुली ठेवूनही विद्यापीठाला उत्पन्न व देशाला नवा उद्योग मिळू शकतो, हे यातून सिद्ध झाले.

टॅक्सॉल या कर्करोगविरोधी औषधाचा अनुभव निराळा होता. पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतील हे संयुग मन्‍रो वॉल आणि महाराष्ट्रातील नंदुरबार येथे जन्मलेले मनसुख वाणी यांनी उत्तर कॅरोलायनातील संशोधन संस्थेत राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या साहाय्याने वेगळे केले. त्याची संरचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. मूळ संयुगावर एकस्व नव्हते. राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९१ मध्ये ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीशी सहकार्य-करार करून सरकारी चाचण्यांतील माहिती केवळ तिलाच उपलब्ध करून दिली आणि डिसेंबर १९९२ मध्ये औषधास मान्यता मिळाली. महालेखा कार्यालयाच्या २००३ च्या अहवालानुसार राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २००२ पर्यंत या औषधाशी संबंधित संशोधनावर ४८.४ कोटी डॉलर खर्च केले होते. कंपनीची तोपर्यंतची विक्री सु. ९०० कोटी डॉलर होती आणि सरकारला स्वामित्वशुल्कापोटी मिळालेली रक्कम ३.५ कोटी डॉलर होती. कंपनीने परिश्रम व पैसा खर्चून औषध बाजारात आणले, हे खरे. पण वाटाघाटीत जनतेची बाजू किती दुबळी होती, हेही या आकड्यांवरून दिसते. अशा प्रसंगांसाठी राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९८९ मध्ये करारांत वाजवी किमतीचे कलम घातले होते. कंपन्या सहकार्यास तयार होत नाहीत, या कारणास्तव ते १९९५ मध्ये वगळण्यात आले.

राखीव हस्तक्षेपाधिकाराचा उपयोग करावा, अशी मागणी अनेकदा झाली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एकस्वांसंबंधात १९९७ मध्ये, एड्सवरील रिटोनाव्हिर औषधाची किंमत एकदम ४०० टक्क्यांनी वाढविली गेल्यावर २००४ मध्ये, फाब्री विकारावरील औषधाचा तुटवडा पडून रुग्णांना अपुरी मात्रा घ्यावी लागली तेव्हा २०१० मध्ये, आणि प्रोस्टेट कर्करोगावरील एन्झालुटामाइडच्या बाबतीत २०१६ व पुन्हा २०२३ मध्ये अर्ज नाकारले गेले. किमतींचे नियमन हा काँग्रेसचा विषय आहे, असे रिटोनाव्हिरच्या वेळी सांगण्यात आले. डिसेंबर २०२३ मध्ये किंमत हाही हस्तक्षेपाचा एक निकष मानावा, असा मसुदा प्रसिद्ध झाला. परंतु तोपर्यंतच्या चार दशकांत हा अधिकार एकदाही बजावला गेला नव्हता.

परवान्याच्या अटी लोकमतामुळे बदलू शकतात, याचे उदाहरण येल विद्यापीठाचे आहे. एड्सवरील स्टॅव्हुडीन औषधाचे एकस्व येलकडे व अनन्य परवाना ब्रिस्टल-मायर्स स्क्विबकडे होता. मुंबईच्या सिप्ला कंपनीने फेब्रुवारी २००१ मध्ये हे औषध अंतर्भूत असलेले तीन औषधांचे मिश्रण एका वैद्यकीय सेवासंघटनेला दरसाल प्रतिरुग्ण ३५० डॉलरला देऊ केले; पाश्चात्त्य देशांत अशा उपचाराचा खर्च १०,००० डॉलरच्या घरात होता. भारतात त्या वेळी औषधद्रव्यावर एकस्व मिळत नसल्याने सिप्लाला हे उत्पादन करणे शक्य होते. दक्षिण आफ्रिकेत मात्र येलचे एकस्व आडवे येत होते. विद्यार्थ्यांनी व औषधाचे एक संशोधक विल्यम प्रुसॉफ यांनी आग्रह धरल्यावर मार्च २००१ मध्ये कंपनीने तेथे एकस्वाची अंमलबजावणी न करण्याचे जाहीर केले.

ब्रिटन : पेनिसिलिनवरील मूळ कार्य ऑक्सफर्ड येथे झाले, परंतु त्यावर एकस्व घेण्यात आले नाही. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाच्या पद्धतीवर अमेरिकेच्या कृषिखात्याच्या पीओरिया येथील प्रयोगशाळेतील अँड्रू मॉयर यांनी एकस्वे घेतली. याबद्दल ब्रिटनमध्ये जी नाराजी निर्माण झाली, तिचा परिणाम म्हणून १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन विकास निगम स्थापण्यात आला. सार्वजनिक शोधांची मालकी या निगमाकडे राही व तो परवाने देई. ऑक्सफर्ड येथील सेफॅलोस्पोरीन प्रतिजैविकांचे परवाने एकाहून अधिक कंपन्यांना देऊन त्याने मोठे उत्पन्न मिळविले. तथापि केंब्रिज येथे १९७५ मध्ये लागलेल्या एककृंतक प्रतिपिंडांच्या शोधावर एकस्व घेतले न गेल्याने त्यावर टीका झाली आणि १९८५ मध्ये त्याचा मक्ता संपुष्टात आला.

भारत : भारतात याच नावाचा निगम डिसेंबर १९५३ मध्ये स्थापन झाला. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांतील प्रक्रिया उद्योजकांना परवान्याने देणे, हे त्याचे मुख्य कार्य होते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रविद्या संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून शिशुआहार बनविण्याची शोधून काढलेली प्रक्रिया आणंदच्या सहकारी दूधसंघाने उपयोगात आणली, हे या व्यवस्थेचे सुपरिचित यश होय. १९७० च्या एकस्व कायद्याने अन्न व औषधे यांच्या केवळ प्रक्रियांवरच एकस्वे देऊ केली, आणि सर्व एकस्वांच्या बाबतीत शासकीय उपयोगाचा व सक्तीच्या परवान्याचा अधिकार राखून ठेवला. २००५ पासून औषधद्रव्यांवरही एकस्वे मिळू लागली. हे राखीव अधिकार मात्र कायम राहिले.

बाय–डोल कायद्याच्या धर्तीवरील एक विधेयक डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. सरकारी निधीतून लागलेल्या शोधांची मालकी संस्थांना मिळावी व उत्पन्नाचा किमान ३० टक्के भाग शोधकाला मिळावा, अशी त्यात तरतूद होती. वैज्ञानिकांना पेचात टाकणाऱ्या शिक्षेच्या तरतुदी आणि लोकहिताच्या राखीव अधिकारांचा तोकडेपणा यांवर टीका झाली व २०१४ मध्ये ते मागे घेण्यात आले. परिणामी प्रत्येक संस्था आपापल्या करारांवर अवलंबून राहिली. कोव्हॅक्सीन लशीच्या बाबतीत याचा प्रत्यय आला. लशीसाठी वापरलेला विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत वेगळा करण्यात आला होता आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला निव्वळ विक्रीवर ५ टक्के स्वामित्वशुल्क मिळावे असा करार होता. २०२१ मध्ये उत्पादनवाढीसाठी मुंबईच्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळासह इतर सार्वजनिक संस्थांना हे तंत्र देण्याचे ठरले. मात्र एकस्वासाठीच्या अर्जात परिषदेचे नाव सहमालक म्हणून नसल्याचे २०२४ मध्ये उघड झाले आणि कंपनीने ते समाविष्ट करण्याचे मान्य केले.

अटी आधीच ठरविल्यास काय साधते, याचे उदाहरण पुण्यातच आढळते. आफ्रिकेत मेंदुज्वराच्या साथींनी दीर्घकाळ थैमान घातले होते. त्या रोगावरील लशीसाठी आवश्यक असलेले संयुग्मनाचे तंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेत विकसित झाले होते. ते एका ना-नफा संस्थेमार्फत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला देताना प्रतिमात्रा किंमत अर्ध्या डॉलरहून कमी असावी, असे ठरविण्यात आले. आफ्रिकी देशांना परवडेल तो आकडा आधी निश्चित झाला, उत्पादक नंतर निवडला गेला. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो येथे लसीकरण सुरू झाले व पुढील काही वर्षांत या विशिष्ट प्रकारच्या मेंदुज्वराचे त्या पट्ट्यातून जवळजवळ उच्चाटन झाले.

मूल्यमापन : मालकी शासनाची की संस्थेची, या प्रश्नावरच बहुतेक वादंग झाले, परंतु इतिहासावरून पाहता तो निर्णायक प्रश्न नव्हे. सरकारी मालकीखाली शोध पडून राहिल्याची उदाहरणे आहेत, तशीच सेफॅलोस्पोरीनसारखी यशेही आहेत. विद्यापीठाच्या मालकीखाली कोहेन–बॉयर पद्धत सर्वांना मिळाली आणि ड जीवनसत्त्व गरिबांच्या अन्नाला नाकारले गेले. मूलभूत पद्धत असेल, तर खुला परवाना बहुधा पुरेसा होतो. दीर्घ व खर्चिक चाचण्या बाकी असतील, तर मर्यादित काळाची अनन्यता समर्थनीय ठरते. गथ्री कसोटीप्रमाणे धोक्याचा भार जनतेने आधीच उचललेला असेल, तर अनन्यतेला कारणच उरत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, करार झाल्यानंतर वापरण्यासाठी राखून ठेवलेले हक्क क्वचितच वापरले जातात. हस्तक्षेपाधिकाराचा चार दशकांचा इतिहास हेच सांगतो. उद्योगसंस्था हक्क मागण्यासाठी दाराशी उभी असते तेव्हा शासनाचे सामर्थ्य सर्वाधिक असते. परवाना दिल्यावर ते ओसरते. म्हणून किंमत, मुदत, उत्पादनाचे प्रमाण व गरीब देशांना पुरवठा यांविषयीच्या अटी परवान्यातच लिहिल्या गेल्या पाहिजेत. मेंदुज्वराच्या लशीच्या बाबतीत तसे झाले. टॅक्सॉलच्या बाबतीत झाले नाही. सार्वजनिक निधीचे प्रयोजन शोध लागण्यापाशी संपत नाही. तो शोध ज्यांच्यासाठी होता त्यांच्यापर्यंत पोहोचला, तरच ते सफल झाले असे म्हणता येते.